माप न घेता शिवलेलं खोगीर

फार फार पूर्वी, आणि तेही आपल्या मुलखापासून पुष्कळ लांब, यरुशलेम नावाच्या मोठ्या शहराच्या वाटेवर एक खेडं होतं. त्या खेड्यात एक खोगीरवाला राहत होता. येशूची आणि त्याच्या शिंगराची गोष्ट ख्रिस्ती शास्त्रात आहे, पण हा खोगीरवाला तिथे शोधू नका. तो गोष्ट सांगणाऱ्यांनी मागाहून आणून बसवला आहे. बसला मात्र छान आहे!

खोगीरवाल्याच्या हातात कसब होतं. त्याचं खोगीर दिसलं, की घोडा आपणहून पाठ पुढे करतो असं गावातले लोक सांगत. हे जरा जास्तच झालं, पण त्याचा टाका वीस वर्षं उसवत नसे एवढं खरं. हे काम तो बापाकडून शिकला होता, आणि बापाने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जनावराच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय चामडं कापायची रापी उचलायची नाही. आपली सगळी विद्या तळहातात असते."

आता तो मुलूख होता रोमी लोकांच्या ताब्यात. चांगली घोडी होती ती त्यांच्याच शिपायांकडे. त्यामुळे बिचाऱ्याचा जन्म परक्यांच्या बुडाखालची खोगिरं शिवण्यात गेला होता. एकदा तर एका रोमी सुभेदाराला पट्टा जरा सैल वाटला, म्हणून त्याने अख्खं खोगीर खोगीरवाल्याच्या तोंडावर फेकून मारलं. त्याच्या कपाळावरचा व्रण तेव्हाचा. रक्त पुसता पुसता त्याने मनाशी ठरवलं, की मरण्याआधी एक खोगीर शिवायचं, आणि ते आपल्या स्वतःच्या राजासाठी!

कारण राजा येणार होता. त्यांच्या जुन्या शास्त्रात तसं लिहिलं होतं, आणि लहानांपासून थोरांपर्यंत सगळे त्याचीच वाट बघत होते.

आणि एक दिवस बातमी आली. गालील प्रांतात येशू नावाचा कुणी उभा राहिला आहे. आंधळे त्याच्यामुळे बघू लागलेत, पांगळे चालू लागलेत, आणि तो बोलायला लागला की बाजार ओस पडतो. पुढच्या वल्हांडण सणाला तो यरुशलेमला येणार, म्हणजे ह्याच वाटेने, आपल्याच गावावरून!

"हाच तो!" खोगीरवाला ओरडला, आणि त्याच दिवशी त्याने उत्तम चामडं भिजत घातलं.

मग काय विचारता! सगळा गाव दुकानापुढे गोळा झाला, आणि राजाचं खोगीर कसं असावं ते प्रत्येकालाच कळू लागलं.

"घोडा पांढरा असणार," धर्मशाळेवाला म्हणाला, "आणि असा उंच, की माझ्या दरवाजातून आत यायचा नाही."

"मग खोगीर रुंद घे," तेलवाला म्हणाला. "आणि तलवारीला कडी ठेव. चांगली जाड ठेव हो, आपल्या राजाची तलवार काही सुरी नसणार!"

"भाल्याची जागा विसरू नका."

"गोंडे लाल लाव."

"छे, जांभळे! राजाचा रंग जांभळा."

खोगीरवाल्याने कुणालाच नाही म्हटलं नाही. कडी घातली, भाल्याची जागा केली, लाल गोंडे लावले आणि त्यांच्यामधून जांभळेही लावले. जो तो येऊन आपल्या मनातला राजा त्या खोगिरात शिवून जात होता.

फक्त त्याची बायको एकदा भाकरी ठेवताना म्हणाली, "अहो, पण तो घोडा कुणी बघितलाय? आणि राजा तरी बघितलाय का?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवढंच कळतं, की मामंजी पाठीवर हात ठेवल्याशिवाय रापी उचलत नव्हते."

"राजाची गोष्ट वेगळी असते," खोगीरवाला म्हणाला, आणि भाकरी तशीच ठेवून परत टाका घालू लागला.

त्याच्या शेजारी एक मीठवाली आजी राहायची. खाऱ्या समुद्राकाठचं मीठ आणायचं आणि गावोगाव विकायचं, हा तिचा धंदा. तिच्याकडे एक गाढवी होती आणि गाढवीच्या पाठोपाठ हुंदडणारं एक शिंगरू होतं. त्या शिंगराच्या पाठीवर अजून कुणी बसलं नव्हतं, आणि आईला सोडून ते दहा पावलंही जात नसे.

गाढवीच्या पालाणाचं, म्हणजे ओझं लादायच्या खोगिराचं, अस्तर झिजून गेलं होतं. खालची काठी तिच्या पाठीत रुतायची, आणि जिथे रुतायची तिथे पोत्यातलं मीठ झिरपायचं. आजी पालाण घेऊन खोगीरवाल्याकडे आली.

"बाबा, खाली नमद्याचा एवढासा तुकडा घालून दे रे. मुकं जनावर आहे, सांगणार कुणाला?"

नमदा म्हणजे लोकर कुटून केलेला जाड मऊ थर. खोगीरवाल्याकडे नमदा भरपूर होता, पण सगळा राजासाठी.

"आजी, राजाचं खोगीर अर्धवट ठेवून गाढवाचं पालाण हातात धरू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या! राजा येऊन जाऊ दे. मग पहिलं काम तुझं."

महिन्याने आजी पुन्हा आली. तेच उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा अर्धं पोतं गाढवीच्या पाठीवर होतं आणि अर्धं आजीच्या डोक्यावर. ह्या वेळी तिने काही मागितलं नाही. नुसती दुकानापुढून वाकून गेली. खोगीरवाल्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण हातात जांभळा गोंडा होता. त्याने मान खाली घातली आणि तो गोंडा दोनदा बांधला.

इकडे वाटसरू रोज नव्या बातम्या आणत होते.

"अरे, तो येशू महारोग्यांना हात लावतो म्हणे!"

"काल एका जकातदाराच्या घरी जेवला. सगळं गाव ज्याच्या सावलीला उभं राहत नाही, त्याच्या घरी!"

"पोरं त्याच्या मांडीवर चढतात आणि हा हाकलत नाही. उलट हाकलणाऱ्यांनाच रागावला."

लोक गोंधळून खोगीरवाल्याकडे बघायचे. राजाचा सगळा कारभार जणू त्याच्याकडेच होता! तो सुईत दोरा ओवत म्हणायचा, "एकदा घोड्यावर बसू दे, मग बघा. माझ्या खोगिरावर बसला की आपोआप राजासारखा वागायला लागेल."

वर्ष सरलं. खोगीर पुरं झालं. अहाहा, काय खोगीर होतं ते! उचलायला चार माणसं लागायची. ऊन पडलं की कडी डोळे दिपवायची. आणि खालून, जिथे कुणीच बघणार नाही अशा जागी, खोगीरवाल्याने नमद्याचे सात पदर घातले होते. त्या पांढऱ्या उंच घोड्याच्या पाठीला जरासुद्धा लागायला नको म्हणून.

आणि तो दिवस उजाडला!

सकाळपासून वाटेवर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. सणाला निघालेले लोक, आसपासच्या गावांचे लोक, झाडांवर लोक, भिंतींवर लोक. कुणी खजुरीच्या झावळ्या तोडून आणल्या होत्या, कुणी आत्तापासूनच घसा बसवून घेतला होता. "आला! डोंगराच्या पलीकडे पोचला!" अशी हाळी उठली, आणि खोगीरवाल्याची छाती आतून कुणी ढोल वाजवावा तशी वाजू लागली. त्याने चार गडी बोलावले, खोगीर उचलून चव्हाट्यावरच्या दगडी कट्ट्यावर नेऊन ठेवलं आणि बाहीने शेवटचं पुसलं.

तेवढ्यात दोन अनोळखी माणसं आजीच्या दारात आली आणि बांधलेलं शिंगरू सोडू लागली. आजी बाहेर आली.

"काय रे बाबांनो, काय करताय?"

"आजी, प्रभूला ह्याची गरज आहे. काम झालं की परत पाठवू."

"प्रभूला? ह्याची?" आजीने शिंगराकडे बघितलं, त्या माणसांकडे बघितलं, आणि हसून म्हणाली, "मग गाढवीलाही न्या. तिच्यावाचून हे पाय उचलायचं नाही."

आणि ती स्वतःही डोक्यावर पदर घेऊन मागोमाग निघाली.

चव्हाट्यावरून खोगीरवाल्याने हे बघितलं. "सामानासाठी नेत असतील," तो शेजारच्या तेलवाल्याला म्हणाला. "राजाचं सामान काय थोडं असतं?"

वळणावर धूळ उठली. लोक ओरडू लागले, "होसान्ना! होसान्ना!" म्हणजे आम्हाला तार! खोगीरवाल्याने टाचा उंचावल्या. धुळीतून माणसं येत होती, सगळी पायी. पुढे एक जण होता, साध्या अंगरख्यातला, पाय धुळीने माखलेले. खोगीरवाल्याने त्याच्या मागे बघितलं. आणखी मागे बघितलं. मग एका शिष्याची बाही धरून विचारलं, "अहो, घोडा मागून येतोय का?"

"कसला घोडा?"

"राजाचा! राजा कुठाय?"

शिष्याने त्या पायी चालणाऱ्या माणसाकडे बोट दाखवलं. तोच येशू होता. आणि तो चालत चालत नेमका आजीच्या शिंगराजवळ जाऊन उभा राहिला, त्याच्या कानामागे खाजवू लागला, आणि आता त्याच्यावर बसणार हे सगळ्यांना दिसलं.

खोगीरवाल्याच्या डोक्यात संताप चढला. राजाचा मान, पाहुण्याचा मान, कशाचं भान राहिलं नाही. तो गर्दी फोडत पुढे घुसला.

"गुरुजी, हे काय? गाढवावरून लोकांची धिंड काढतात, मिरवणूक नाही! तिकडे वेशीवर रोमी शिपाई उभे आहेत. पोट धरधरून हसतील. तुम्हाला हसतील आणि आम्हालाही हसतील!"

बऱ्याच जणांच्या मनात हेच होतं, फक्त बोलायचं धाडस झालं नव्हतं.

येशू म्हणाला, "तुला मी कशावर बसायला हवा आहे?"

"ह्यावर!" खोगीरवाल्याने कट्ट्याकडे हात केला. "घोडा नाही तर नाही. पण निदान ह्यावर बसा. वर्षभर मी दुसरं काही शिवलेलं नाही."

"बघ घालून," येशू म्हणाला.

चार गड्यांनी खोगीर उचललं आणि शिंगरावर ठेवून पट्टा बांधला. बांधला मात्र, शिंगराचे पुढचे गुडघेच वाकले! रुंद खोगीर घरंगळत पोटाखाली गेलं, तलवारीची कडी दगडावर खणखणली, भाल्याच्या जागेत शिंगराची शेपटी अडकली, आणि लाल-जांभळे गोंडे धुळीत लोळवत ते जे सुटलं ते थेट आईच्या पोटाशी! भिंतीवरची माणसं हसता हसता खाली पडली. ज्यांनी कडी ठेव म्हणून सांगितलं होतं, तेच सगळ्यात मोठ्याने हसत होते.

खोगीरवाल्याला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

येशू हसला नाही. त्याने शिंगराला चुचकारलं, पट्टा सोडला, आणि गड्यांना हाताशी घेऊन ते भलंमोठं खोगीर कट्ट्यावर परत ठेवलं. पण ठेवलं उलटं. कडी, गोंडे सगळं खाली गेलं, आणि आतली बाजू वर आली. त्याने तिच्यावरून तळहात फिरवला.

"किती पदर घातलेस?"

"सात, गुरुजी."

"हे कुणाला दिसणार होतं?"

"कुणालाच नाही. पण जनावराला लागू नये..." खोगीरवाला पुटपुटला. वर्षभरात त्याच्या खोगिराची आतली बाजू बघणारा हा पहिला माणूस होता. सगळ्यांनी गोंडेच बघितले होते.

"टाकाही दुहेरी आहे," येशू म्हणाला. "मी सुताराच्या घरचा. आमच्याकडे बैलांची जोखडं व्हायची. मानेवर हात फिरवल्याशिवाय आम्ही लाकडाला करवत लावत नव्हतो."

"माझा बापही तेच सांगायचा."

"मग हे तू कुणाच्या पाठीच्या मापाने शिवलंस?"

खोगीरवाल्याने तेलवाल्याकडे बघितलं. तेलवाला आभाळाकडे बघत होता. धर्मशाळेवाला आपल्या चपला न्याहाळत होता. आणि तेव्हा खोगीरवाल्याच्या ध्यानात आलं, की त्याने जन्मात पहिल्यांदाच माप न घेता रापी चालवली होती. ना त्याने घोडा बघितला होता, ना राजा. नुसती वाट बघितली होती आणि तिच्याच मापाने शिवत गेला होता.

"चुकलं, गुरुजी," तो म्हणाला. "आता माझ्याकडे तुम्हाला द्यायला काहीच नाही."

"आहे की," येशू म्हणाला. "मला तुझ्याकडून एक हवं आहे."

खोगीरवाल्याचे डोळे चमकले. "सांगा! काहीही सांगा!"

येशूने त्याचा हात धरून तो गाढवीच्या पाठीवर ठेवला, पालाणाच्या अगदी कडेला. गाढवी शहारली. खोगीरवाल्याच्या बोटांना ओल लागली. त्याने हात उचलून बघितला, तर बोटांवर रक्त आणि मीठ.

"शिंगरू हिच्यावाचून चालत नाही," येशू म्हणाला, "म्हणून शहरापर्यंत हिलाही चालायचं आहे. उद्यापासून पुन्हा पोतं आहेच. हिचं पालाण नीट करून दे. मला तुझ्याकडून एवढंच हवं आहे."

वर्षभर मनात धरलेल्या राजाने अखेर त्याच्याकडे काम मागितलं, आणि ते काय, तर जे आजी तीनदा मागून गेली होती तेच!

पण नमदा आणायचा कुठून? घरात होता नव्हता तेवढा खोगिरात गेला होता. नमदा समोरच होता, सात पदरांचा, राजाच्या खोगिराच्या पोटात. तो काढायचा तर खोगीर फाडायला हवं.

खोगीरवाल्याने कमरेची रापी काढली, आणि लोकांना ते कळलं.

"अरे, खुळा झालास का?" धर्मशाळेवाला ओरडला. "वर्षाचं काम आहे ते! गाढवासाठी फाडतोस?"

"ठेव जपून! खरा राजा आला की उपयोगी पडेल!" दुसरा कुणी म्हणाला.

खोगीरवाला थबकला. रापी हातात, समोर त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम. त्याचा जीव तुटत होता, ते कशाला लपवायचं? फाडलं तर गाव जन्मभर हसणार. नाही फाडलं तर खोगीर दुकानात टांगलेलं राहणार, आणि येणारा-जाणारा वाहवा करणार. खरा राजा आला की! त्याने येशूकडे बघितलं. येशू त्याला घाई करत नव्हता. तो गाढवीच्या पाठीवरचं मीठ अंगरख्याच्या टोकाने हलकेच टिपत होता.

राजे असं करत नाहीत. हे तर कुणीही सांगू शकलं असतं. आणि तरीही खोगीरवाल्याच्या मनाने घट्ट सांगितलं, की राजा हाच.

त्याने रापी चालवली. चर्रर्र!

मग त्याचे हात असे चालू लागले, की वर्षभरात तसे चालले नव्हते. नमदा सोडवला, पालाण उतरवलं, रुतणारी काठी काढून टाकली, आणि तळहाताने गाढवीच्या पाठीचं माप घेतलं, एकदा, दोनदा, तीनदा. सात पदर नीट बसवले, जखमेच्या जागी मऊ पोकळी ठेवली. शिवताना दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. येशूने ते धरलं.

"गुरुजी, लोक खोळंबलेत," एक शिष्य कानाशी लागला.

"खोळंबू देत."

विचार करा! अख्खं यरुशलेम ज्याची वाट बघतंय, ती मिरवणूक भर रस्त्यात थांबली होती. का, तर एका गाढवीच्या पालाणाला टाका पडत होता!

शेवटची गाठ बसली. पालाण चढवलं तेव्हा गाढवी शहारली नाही. तिने एक लांब श्वास सोडला, आणि आजीने डोळ्यांना पदर लावला.

"आता मला बसायला काय देतोस?" येशूने विचारलं. आता मात्र तो हसत होता.

खोगीरवाल्याकडे अंगावरच्या उपरण्याशिवाय काही उरलं नव्हतं. कामाच्या मेणाने डागाळलेलं, घामाचं, जुनं उपरणं. त्याने ते काढून शिंगराच्या पाठीवर टाकलं. ते पाहून तेलवाल्याने आपला झगा टाकला. मग धर्मशाळेवाल्याने टाकला. मग तर जो तो अंगावरचे कपडे काढून वाटेवर अंथरू लागला. येशू बसला, आणि ज्याच्यावर आजवर कुणी बसलं नव्हतं ते शिंगरू आईच्या बरोबरीने टकटक चालू लागलं.

"होसान्ना! होसान्ना!" डोंगर दणाणला. खोगीरवाला गाढवीची दोरी धरून अगदी जवळून चालत होता आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होता. चालता चालता त्याच्या लक्षात आलं, की राजाचं तोंड त्याला नीट दिसतंय. घोड्यावरच्या सुभेदाराच्या फक्त टाचा त्याला आजवर दिसल्या होत्या. वेशीवर रोमी शिपाई खरंच हसले. खोगीरवाल्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत गाढवी आणि शिंगरू परत आले, कबूल केल्याप्रमाणे.

पण गोष्ट इथे संपत नाही. पाचच दिवसांनी शहरातून बातमी आली, की येशूला रोमी शिपायांनी क्रुसावर खिळून मारलं. डोक्यावर मुकुट होता, पण काट्यांचा.

गाव खोगीरवाल्याच्या दारात जमला. "बघितलंस?" धर्मशाळेवाला म्हणाला. "कसला राजा नि कसलं काय! उगाच खोगीर फाडलंस."

खोगीरवाला ढसाढसा रडला. कारण खरं सांगायचं, तर त्या दिवशी दोरी धरून चालताना त्याने मनातल्या मनात पुन्हा एक खोगीर शिवायला घेतलं होतं. शहरात सिंहासन असेल, येशू त्यावर बसेल, रोमी लोक पळतील. तेही माप चुकलं होतं. पण डोळे पुसून तो म्हणाला, "एकदा न बघता शिवलं आणि फसलो. आता न बघता काही बोलणार नाही. गाढवीची पाठ भरत आलीय, तेवढं मी बघितलंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी आजी वाटेवरून धावत आली. सत्तरीची बाई, आणि धावत! मागे गाढवी, तिच्या मागे शिंगरू.

"अरे, ऐका! ऐका रे! येशूची कबर रिकामी आहे! बायका बघून आल्या! तो जिवंत आहे म्हणतात!"

"आजी, ऊन लागलंय तुला," तेलवाला म्हणाला. "मेलेला माणूस कधी उठतो का?"

खोगीरवाला मात्र उभा राहिला. तो इतक्या मोठ्याने हसला, की गाढवी दचकली.

"अरे, हे माप कुणी घेतलं?" तो म्हणाला. "घोड्यावर येईल म्हणालो, गाढवावर आला. मान मागेल म्हणालो, टाका मागितला. आता मेला म्हणजे मेलाच, हेही आपणच ठरवतोय! मी निघालो. डोळ्यांनी बघून येतो!"

आणि हातातली चामडं टोचायची आरी तिथेच टाकून तो अनवाणी धावत सुटला. त्याच्या मागे त्याची बायको निघाली. तिच्या मागे, "अरे थांब, मीही येतो," म्हणत तेलवालासुद्धा.

पुढे कित्येक वर्षं त्या खेड्यात एक दुकान होतं. दाराशी भिंतीत एक भलीजाड कडी ठोकलेली होती. मुळात ती तलवारीसाठी केली होती म्हणे. तिला गावातलं कुणाचंही गाढव बांधलेलं असायचं, आणि आतला म्हातारा कारागीर रापी उचलायच्या आधी बाहेर येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवायचा.

तात्पर्य: ज्याची वाट बघायची त्याचं माप आपल्या मनाने आधीच घेऊन ठेवू नये. आणि राजासाठी म्हणून राखून ठेवलेला मऊ नमदा शेजारच्या दुखऱ्या पाठीला आज द्यावा. राजा आला, की बहुतेक तेच मागणार असतो.